राज्याची थकीत देणी, शाळांचं अनुदान आणि मर्यादित सरकारचा मुद्दा

लेखाशीर्ष

मर्यादित सरकारची, म्हणजे सरकारचा खर्च आणि हस्तक्षेप आटोक्यात असावा या मताची, बाजू घेणारे आपण बहुतेक जण दोनच आकड्यांवर वाद घालतो. राज्यावर कर्ज किती, आणि रोख वाटपाच्या योजनांवर खर्च किती. हे दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेतच, पण खरं दुखणं तिसऱ्याच ठिकाणी आहे आणि ते अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत सहज दिसत नाही: सरकारने काम करून घेतलं, सेवा घेतली, कायद्याने देणं मान्य केलं, पण पैसे दिले नाहीत, अशी रक्कम. या रकमेला आळा घातल्याशिवाय तुटीची कुठलीही मर्यादा कागदावरच राहते.

आधी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातले मूळ अंदाज मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत होणार नाही. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी. महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायची एकूण तूट, १,३६,२३५ कोटी, स्थूल राज्य उत्पन्नाच्या २.७६ टक्के. एकूण अर्थसंकल्प ७ लाख कोटींच्या किंचित वर. वर्षअखेरचं अंदाजित कर्ज ९.३२ लाख कोटी. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन गोष्टींतच महसुली जमेचा अर्ध्याहून अधिक भाग जातो. तो कुठल्याही पक्षाच्या अर्थमंत्र्याला एका वर्षात हलवता येत नाही.

२००५ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याची चौकट पाहिली तर ३ टक्क्यांच्या आत तूट, सगळं ठीक. पण राज्याचे हिशेब रोखीच्या पायावर लिहिले जातात. पैसा तिजोरीतून बाहेर पडला त्या दिवशी खर्च झाला, असं धरतात. रस्त्याच्या कामाचा प्रवास बघा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक, आणि शेवटी कोषागार. सरकारवर देणं तयार होतं कार्यारंभ आदेशाच्या दिवशी. अर्थसंकल्पात ते उमटतं देयक पास होऊन पैसे गेल्यावर. मधला काळ सहा महिनेही असेल, तीन वर्षंही असेल. त्या काळात ते देणं तुटीत नाही, कर्जातही नाही. ठेकेदाराने बँकेकडून उचललेल्या पैशावर ते उभं असतं आणि पुढच्या निविदेत तो ते व्याज दरात धरतो. शेवटी भरतो करदाताच, फक्त पावती मिळत नाही.

म्हणून मर्यादित सरकारची पहिली मागणी 'खर्च कमी करा' ही नसावी. 'प्रत्येक खात्याची थकीत देणी दर तिमाहीला जाहीर करा, आणि ती नव्या घोषणेच्या आधी फेडा' ही असावी. यावर शिक्षण आणि शेती या दोन खात्यांची माहिती असलेल्यांनी लिहावं.

गोदाकाठ

थकबाकीचा मुद्दा मान्य. पण त्यातून 'सरकार लहान करा' हा निष्कर्ष कसा निघतो? कर्जाचं स्थूल उत्पन्नाशी प्रमाण २०२५-२६ च्या अंदाजात १८.८७ टक्के होतं. मोठ्या राज्यांत हे चांगलंच मानलं जातं, पंजाबसारख्या राज्यात ते याच्या दुपटीहून जास्त आहे. कर्ज काढून पाटबंधारे, मेट्रो, रस्ते झाले तर त्यात वाईट काय? बिलं थकत असतील तर जास्त कर्ज काढा, जास्त कर लावा आणि बिलं द्या. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पटींवर नेलंच ना? १४ हजार कोटींच्या जादा उत्पन्नाचा अंदाज तेव्हा सांगितला होता. जमा वाढवणं हाही मार्ग आहे, तो तुमच्या बाजूला कधी आठवत नाही.

लेखाशीर्ष

गोदाकाठ, जमा वाढवण्याला माझा विरोध नाही. पण क्रम पाहा.

स्थूल उत्पन्नाचे ३ टक्के म्हणजे साधारण १,४८,००० कोटी. मूळ अंदाजातली तूट १,३६,२३५ कोटी. म्हणजे मर्यादेपर्यंत जागा उरते सुमारे बारा हजार कोटींची. पुढे २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांतला काही भाग केंद्राकडून परत येणारा किंवा समायोजनाचा, तरी निव्वळ भार ४०,६४४ कोटी. बारा हजारांच्या जागेत चाळीस हजार कसे बसवायचे? तीनच वाटा आहेत. जमा अंदाजापेक्षा बरीच जास्त यावी, किंवा मंजूर तरतुदीतले पैसे सोडूच नयेत, किंवा देयकं पुढच्या वर्षात ढकलावीत. व्यवहारात दुसरी आणि तिसरी वाट वापरली जाते. विधिमंडळाने मंजूर केलेली तरतूद बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर टप्प्याटप्प्याने खुली होते. वित्त विभागाने जेवढे टक्के खुले केले तेवढंच खात्याला काढता येतं. भांडवली कामं आणि वेतनेतर अनुदानं यांच्यावर कात्री आधी पडते, कारण वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज थांबवता येत नाही.

पुरवणी मागणी घटनेच्या अनुच्छेद २०५ मध्ये आहे ती अनपेक्षित किंवा अपुऱ्या पडलेल्या खर्चासाठी. जून २०२४ मध्ये अतिरिक्त अर्थसंकल्प मांडून लगोलग त्याच अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मार्चमध्ये दिसणारं पुस्तक आणि वर्षाच्या शेवटी प्रत्यक्षात झालेला खर्च यांचं नातं असं सुटत जातं. मद्यावरचं शुल्क वाढवून आलेले पैसे आधी जुन्या देण्यांकडे जातील अशी तरतूद त्या निर्णयात असती तर मी त्याचं स्वागत केलं असतं.

पाटीपेन्सिल

शिक्षणाबद्दल लिहितो. यात थकबाकीचं उदाहरण अगदी स्वच्छ आहे: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) खालचे २५ टक्के प्रवेश.

कायदा सांगतो की विनाअनुदानित खासगी शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात आणि आठवीपर्यंत मोफत शिकवावं. कलम १२(२) नुसार सरकारने शाळेला प्रतिपूर्ती द्यायची. किती? सरकारचा स्वतःच्या शाळांतला दरडोई खर्च किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, यांत जे कमी असेल ते. दरडोई खर्च काढताना सरकार आणि स्थानिक संस्था यांच्या स्वतःच्या शाळांवरचा आवर्ती खर्च घ्यायचा आणि त्याच शाळांतल्या पटाने भागायचा. महाराष्ट्रात ही रक्कम वर्षाला १७,६७० रुपये धरली गेली, कोरोनाच्या काळात ती ८,००० वर आणली होती.

आता एका शाळेचा हिशेब करू. पहिलीत १०० जागा असतील तर दरवर्षी २५ मुलं. पहिली ते आठवी सगळे वर्ग भरले की २०० मुलं. २०० गुणिले १७,६७० म्हणजे ३५,३४,००० रुपये वर्षाला. दोन वर्षांचे पैसे अडकले की सत्तर लाखांवर. ज्या शाळेची वार्षिक फी वीस-पंचवीस हजार आहे तिला हे झेपत नाही. उरलेल्या मुलांची फी वाढवायची तर २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे न्यावी लागते, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. मग शाळा शिक्षकांचे पगार अडवते किंवा २५ टक्क्यांतल्या मुलांच्या पालकांकडून 'उपक्रम', 'साहित्य' अशा नावाखाली पैसे मागते. पालक तक्रार करतो, अधिकारी शाळेला नोटीस काढतो, आणि ज्या सरकारने पैसे दिलेले नाहीत ते सरकार यात कुठेच दोषी ठरत नाही.

या ओझ्यातून सुटायला सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ ला नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती दुरुस्ती रद्द केली, कारण नियमाने मूळ कायद्याला मुरड घालता येत नाही. मर्यादित सरकारवाल्यांतल्या काहींनी त्या सूटीचं स्वागत केलं होतं. मला ते पटलं नाही. कायद्याने मुलाला दिलेला हक्क मागच्या दाराने काढून घेणं म्हणजे सरकार मर्यादित करणं नव्हे. पैसे वेळेवर द्यायचे, आणि झेपत नसेल तर संसदेत जाऊन कायदा बदलून घ्यायचा. या दोनच सरळ वाटा आहेत.

उपाय अवघड नाही. वीज कायदा २००३ चं कलम ६५ बघा. राज्याला कुठल्या ग्राहकाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी लागते. तसंच कलम शाळांसाठी हवं. जूनमध्ये प्रवेश निश्चित झाले की अर्धी रक्कम वेगळ्या खात्यात, ऑक्टोबरमध्ये पटपडताळणी, मग उरलेली. पैसे खात्यात नसतील तर त्या वर्षी त्या जिल्ह्यात शिक्षण खात्याची कुठलीही नवी योजना नाही.

डोंगरवाट

पाटीपेन्सिल, शहरासाठी हे ठीक. अक्कलकुवा, धडगाव, मोखाडा, भामरागड या दुर्गम तालुक्यांत काय? तिथे निवडायला दुसरी शाळाच नाही. मुलामागे पैसे हे सूत्र लावलं की आधी बंद पडते ती पाड्यावरची दोन शिक्षकी शाळा. २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची यादी केली होती: १४,७८३ शाळा, १,८५,४६७ मुलं, २९,७०७ शिक्षक. शाळेमागे सरासरी साडेबारा मुलं. तिजोरीच्या नजरेने हे महाग दिसतं, पण शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर आहे ते उगाच नाही. पावसाळ्यात ओढा भरला की सहा वर्षांचं पोर पलीकडच्या गावात जात नाही. मुलगी असेल तर वर्षभर जात नाही.

पाटीपेन्सिल

डोंगरवाट, तुमचा आक्षेप खरा आहे आणि आमच्या बाजूच्या पुष्कळ लेखनात त्याला उत्तर नसतं.

हिशेब मात्र उघड मांडायला हवा. दोन शिक्षकांचा पगार मिळून महिन्याला १,४०,००० धरा. वर्षाला १६.८ लाख. पट ४० असेल तर मुलामागे ४२,०००. पट १२ असेल तर मुलामागे १,४०,०००. दुर्गम पाड्यावर हा खर्च योग्य आहे, तो करायलाच हवा. पण त्या १४,७८३ शाळांत सगळ्या पाड्यावरच्या नाहीत. डांबरी रस्त्यावर, दीड-दोन किलोमीटरवर दुसरी शाळा असताना पट आठवर आलेल्या शाळाही त्यात आहेत, कारण पालकांनी मुलं आधीच तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली आहेत. या दोन प्रकारांना एकच नियम लावला की दोन्हीकडे चूक होते. समूह शाळेचा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करण्याचा, प्रयोग पानशेत आणि तोरणमाळला झाला. तो पसरवताना प्रत्येक शाळेसाठी तीन गोष्टी लिहून जाहीर कराव्यात: पावसाळ्यातलं प्रत्यक्ष चालण्याचं अंतर, वाहतुकीचा वर्षाचा खर्च आणि तो कुठल्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून) येणार ते. तिसरी गोष्ट नसेल तर शाळा हलवू नये. गाडीचे पैसे थकले की मुलं घरी बसतात, आणि मग बचत झाली ती मुलांच्या शिक्षणातून झाली.

शिवाय शाळेची मान्यता कशावर द्यायची? शिक्षण हक्क कायद्याचं कलम १९ आणि त्याची अनुसूची खोल्या, मैदान, कुंपण, स्वच्छतागृह यांवर भर देतात. गुजरातने २०१२ च्या नियमांत वेगळी पद्धत आणली: मुलांच्या शिकण्याच्या पातळीला ३० टक्के भार, त्या पातळीत झालेल्या सुधारणेला ४०, इमारत-सुविधांना १५, आणि अभ्यासेतर गोष्टी व पालकांचं मत यांना १५. कमी फीच्या छोट्या शाळेला जागेअभावी टाळं लावण्याऐवजी ती शिकवते का हे बघायचं. अंमलबजावणीत अडचण अशी की स्वतंत्र मूल्यमापन कोण करणार. तेही सरकारी यंत्रणेनेच केलं तर पुन्हा निरीक्षकाची मर्जी आली. तरी दिशा मला बरोबर वाटते.

अनुदान_टप्पा

घोषणा कायमचं देणं कसं होते हे पाहायचं तर 'कायम विनाअनुदानित' शाळांचा इतिहास बघा. एवढं एक प्रकरण नीट समजलं तरी राज्याच्या अर्थकारणातलं निम्मं समजतं.

२००१ साली धोरण ठरलं की यापुढे नव्या शाळांना परवानगी कायम विनाअनुदान तत्त्वावर. संस्थांनी हमीपत्रं दिली की आम्ही कधी अनुदान मागणार नाही. त्यावर हजारो तुकड्या उघडल्या, शिक्षक नाममात्र पगारावर किंवा बिनपगारी लागले. २००९ साली विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी 'कायम' हा शब्द काढून टाकला. त्या दिवशी तिजोरीतून एक रुपयाही गेला नाही, म्हणून त्या वर्षीच्या तुटीत काही दिसलं नाही. पण देणं तयार झालं. मग मूल्यांकन, पात्र याद्या, २०१६ मध्ये २० टक्के अनुदान, पुढे ४०, ६०, ८०, आणि प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर उपोषण. जुलै २०२५ मध्येही शिक्षक तिथेच बसले होते. टप्पा जाहीर झाला तरी निधीची तरतूद वेगळी, ती पुरवणी मागणीत आली तरी बीम्सवर रक्कम वेगळी, आणि शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चढल्याशिवाय पगार निघत नाही.

जिथे एका नोंदीवर तीस वर्षांचा पगार ठरतो तिथे त्या नोंदीला बाजारभाव येतो. २०२५ मध्ये नागपूर विभागातलं बोगस शालार्थ ओळखक्रमांकांचं प्रकरण त्यातूनच आलं.

यात शिक्षक दोषी नाही, हे मला ठळकपणे लिहायचं आहे. पंधरा-पंधरा वर्षं बिनपगारी किंवा २० टक्के पगारावर काढलेल्या माणसाला 'हमीपत्र दिलं होतं ना' असं म्हणणं क्रूर आहे. हमीपत्र संस्थेने दिलं होतं. खरी चूक २००१ मध्ये न पाळता येणारी अट घालण्यात झाली आणि २००९ मध्ये खर्चाचा आकडा न मांडता ती काढण्यात झाली. 'या निर्णयाने दहा वर्षांत किती पैसे लागतील' हा तक्ता शासन निर्णयाला जोडणं बंधनकारक असतं, तर २००९ मध्ये निदान वाद आकड्यावर झाला असता.

रॉकीकडून

अमेरिकेत मर्यादित सरकारचे दोन राज्यपातळीवरचे प्रयोग झाले आहेत, त्यांतून नियम कसा लिहू नये हे दिसतं.

कोलोरॅडोने १९९२ मध्ये मतदारांच्या कौलाने राज्यघटनेतच कलम घातलं, 'टाबोर' म्हणतात ते. सरकारला ठेवता येणारा महसूल दरवर्षी महागाई अधिक लोकसंख्यावाढ एवढाच वाढेल, वरचा पैसा करदात्यांना परत, आणि करवाढ फक्त मतदानाने. तत्त्व सुरेख. पण मर्यादा आदल्या वर्षाच्या आकड्यावर मोजायची होती. २००१ नंतरच्या मंदीत महसूल कोसळला, आणि पुढची मर्यादा त्या कोसळलेल्या आकड्यावरून सुरू झाली. मंदी संपली तरी राज्य वर येईना. शेवटी २००५ मध्ये मतदारांनीच पाच वर्षांची सूट दिली आणि पाया दुरुस्त केला. दरम्यान सरकारने पळवाटा शोधल्या. कर नाही तर 'शुल्क', आणि मर्यादेबाहेरच्या स्वायत्त 'एंटरप्राइज' संस्था. शाळांच्या बाबतीत तर २००० च्या घटनादुरुस्तीने दरडोई शालेय निधी वाढवायचं बंधन घातलेलं असताना २०१० पासून सूत्रातच एक 'उणे घटक' घातला गेला. कायद्याने देय रकमेतून काही टक्के वजा करून शाळा-जिल्ह्यांना द्यायचे. तो उणे घटक संपायला २०२४ उजाडलं.

कॅन्ससने २०१२ मध्ये उलटं केलं: खर्चाची मर्यादा न ठरवता आधी कर कापले, भागीदारी आणि एकलमालकी धंद्यांच्या नफ्यावरचा राज्य आयकर शून्यावर आणला. महसूल पडला, पतमानांकन घसरलं, निवृत्तिवेतन निधीचे हप्ते पुढे ढकलले, आणि २०१७ मध्ये राज्यपालांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून बहुतेक कपात मागे घेतली.

दोन्हीकडे ताण आला तेव्हा पहिली थकली ती शाळा आणि निवृत्तिवेतन. म्हणजे लेखाशीर्ष यांनी वर मांडलेलं दुखणं महाराष्ट्रापुरतं नाही. मर्यादा लिहायचीच तर खर्चाच्या वाढीवर लिहावी, पाया तीन-चार वर्षांच्या सरासरीचा धरावा, आणि न दिलेली देणी त्या खर्चातच मोजावीत.

बारदाना

शेतीचं राहिलंय. महाराष्ट्रात मर्यादित सरकारचा विचार शहरातल्या अर्थतज्ज्ञांनी रुजवलेला नाही, तो शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने गावोगाव नेला. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा अनुदानाविरुद्धच आहे. भाव पाडू नका, मग सूट-सबसिडीची गरज पडणार नाही, असा तो युक्तिवाद.

कापूस एकाधिकार खरेदी हे त्याचं जुनं उदाहरण. १९७१ चा कायदा, १९७२-७३ च्या हंगामापासून खरेदी. राज्यात कापूस फक्त सरकारने घ्यायचा. बाहेर भाव चढला की विदर्भातला कापूस रात्री सीमा ओलांडून मध्य प्रदेश-आंध्रात जायचा. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस इथल्या केंद्रांवर यायचा. दोन्ही वेळा तोटा राज्याचा, आणि शेतकऱ्याचे चुकारे रखडायचे ते वेगळे.

नवं उदाहरण एक रुपयातल्या पीकविम्याचं. २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा राज्याने उचलला. पूर्वी खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५ टक्के भरावे लागत. अर्ज करायला काहीच लागत नाही म्हटल्यावर दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीवर, न पेरलेल्या पिकावर अर्ज पडले. २०२५ च्या खरिपापासून योजना मागे घेऊन जुने दर आणावे लागले. दोन टक्के हिस्सा हा नुसता महसूल नव्हता. खोटा अर्ज करणाऱ्याला अडवणारी ती गाळणी होती. गाळणी काढली की तपासणीचा खर्च वाढतो आणि खऱ्या नुकसानीवाल्याचा दावा रांगेत मागे जातो.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज: ४४ लाख ग्राहक, वर्षाला १४,७६१ कोटी, एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं. बरेच जुने पंप मीटरविना, म्हणजे वापर अंदाजाने धरायचा. गळती आणि चोरी त्या अंदाजात मिसळून जाते. हे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात थेट आणि वीज मीटरने विकत, असं केलं तर महावितरणचा खरा तोटा किती ते एका वर्षात कळेल.

गोदाकाठ

बारदाना, तुमच्या शेवटच्या वाक्यावरूनच विचारतो. थेट खात्यात पैसे हे चांगलं, तर लाडकी बहीण योजनेवर तुमचा आक्षेप काय? ना साडी, ना शिधा, ना ठेकेदार. महिन्याला १५०० रुपये, बाई ठरवेल काय करायचं. यात सरकारचा हात सगळ्यात कमी आहे.

लेखाशीर्ष

बरोबर आहे, आणि म्हणूनच माझा आक्षेप रोख देण्याला नाही. वस्तू वाटण्यापेक्षा रोख केव्हाही बरी. आक्षेप क्रमाला आहे.

गणित सोपं आहे: एक कोटी महिला गुणिले १५०० गुणिले १२ म्हणजे १८,००० कोटी. दोन कोटींना ३६,००० कोटी, २०२५-२६ ची तरतूद तेवढीच होती. योजना जाहीर करताना वर्षाला ४६,००० कोटी धरले होते. पात्रतेच्या अटी पैसे सुरू होण्याआधीच ठरल्या होत्या: वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नाही. पडताळणी मात्र पैसे सुरू झाल्यावर, निवडणूक झाल्यावर. जुलै २०२५ मध्ये २६.३४ लाख लाभार्थ्यांचे पैसे थांबवल्याचं मंत्र्यांनीच सांगितलं. त्यांत पुरुषही निघाले. २६.३४ लाखांना वर्षभर दिले तर ४,७४१ कोटी होतात. आणि पैसे कमी पडले तेव्हा सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांच्या तरतुदीतून वळवले गेले. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या खात्यांची कायमची कामं आहेत. डोंगरवाट यांनी सांगितलेली मुलगी आश्रमशाळेत टिकते ती त्याच पैशावर.

डोंगरवाट

हे मान्य. मग सांगा, सामान्य माणसाने ही थकबाकी शोधायची कशी? एका तालुक्याची तरी.

अनुदान_टप्पा

शाळांपुरतं सांगतो.

राज्याचं चित्र हवं तर महालेखापालांचे 'वित्तीय लेखे' घ्या, दोन खंड, कॅगच्या संकेतस्थळावर मोफत. दुसऱ्या खंडाच्या परिशिष्टांत अपूर्ण कामांची यादी आणि राज्याच्या बांधील दायित्वांचा तक्ता असतो. विवरणपत्र ९ मध्ये राज्याने दिलेल्या हमी. खात्याने किती मागितलं आणि किती खर्चलं ते 'विनियोजन लेखे' मध्ये. शिक्षणासाठी मुख्य लेखाशीर्ष २२०२ पकडा, व्याजासाठी २०४९, निवृत्तिवेतनासाठी २०७१. २२०२ उघडलं की उद्दिष्टशीर्ष ३६ म्हणजे सहायक अनुदान वेतन आणि ३१ म्हणजे वेतनेतर. या दोन ओळींतलं अंतर बघा, खडू-विजेच्या बिलाला काय उरतं ते लगेच कळतं.

तालुक्यासाठी माहिती अधिकार. अर्ज जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून शाळांची प्रतिपूर्ती आणि अनुदान हे दोन वेगळे अर्ज करा. 'थकबाकी किती' असं विचारू नका. 'अशी माहिती संकलित नाही' असं उत्तर येतं. कागदपत्र मागा: अमुक तालुक्यातल्या २५ टक्के प्रवेशांच्या प्रतिपूर्तीसाठी शाळांनी सादर केलेल्या मागण्यांचा वर्षनिहाय तक्ता, शिक्षण संचालनालयाकडून निधी मिळाल्याचे आदेश तारखेसह, आणि शाळांच्या खात्यात वर्ग केलेल्या रकमांची यादी. पहिल्यातून तिसरं वजा केलं की थकबाकी तुमच्या हातात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

पाटीपेन्सिल

एक भर. यादी मिळाली की शाळेकडूनही तपासून घ्या. काही वेळा पैसे आलेले असतात पण आधार पडताळणी न झालेल्या मुलांची नावं गाळून. शाळेच्या हजेरीपटावर मूल असतं, ऑनलाइन यादीत नसतं. ती रक्कम कुठल्याच तक्त्यात थकीत दिसत नाही, म्हणून मागणीचा तक्ता मुलांच्या संख्येसह मागा.

लेखाशीर्ष

दोन-तीन तालुक्यांचे तक्ते आले तर इथेच टाका. एकाच नमुन्यात ठेवू: शैक्षणिक वर्ष, शाळांची संख्या, मुलांची संख्या, मागणी, मंजूर, प्रत्यक्ष जमा, जमा झाल्याची तारीख. डिसेंबरच्या अधिवेशनाआधी हे आपल्या आमदारांकडे दिलं तर तारांकित प्रश्नाला आकडा जोडता येतो, आणि आकडा जोडलेल्या प्रश्नाला 'माहिती घेण्यात येत आहे' एवढ्यावर सुटता येत नाही.